मान खाली घातलेला ऑक्टोबर

पाऊस हो-नाही करत एकदाचा जातो, नवरात्रातल्या मांडवांचे बांबू उतरतात, आणि कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बाल्कनीत ऊन तिरकं होऊन पार जेवणाच्या टेबलापर्यंत यायला लागतं. खाडीकडचा वारा पडतो. दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात आणि अंगावरचे मात्र ओले. या दिवसांत माझ्या टेबलावरचा रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो; विमानाच्या पंखापर्यंत पोचेपर्यंत त्याच्यावर साय धरलेली असते. मग बाटलीत थिनर जरा जास्त घालावं लागतं. त्याचा उग्र, गोडसर वास खोलीत पसरला की माझा हात थांबतो. मी एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघते. मग दुसरा झाकून बघते. मग पुन्हा कामाला लागते.

मी प्लास्टिकची विमानं बनवते. कल्याणला बँकेत नोकरी करणारी, चाळिशी ओलांडलेली बाई असं सांगते तेव्हा समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, मुलीसाठी का? नाही, माझ्यासाठी. खोक्यातून प्लास्टिकच्या चौकटी येतात. कढीपत्त्याच्या डहाळीला पानं असावीत तसे सगळे सुटे भाग त्या चौकटींना बारीक देठांनी लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. बोटभर विमान व्हायला महिना लागतो. कापताना एखादा भाग टिचकन उडतो आणि फरशीवर नाहीसा होतो. मग अख्खं घर गुडघ्यांवर येतं.

माझा नवरा नितीन या शोधात तरबेज आहे, कारण त्याचाही असाच एक नाद आहे. तो अ‍ॅक्शन फिगर जमवतो. कोपर-गुडघे वळणारे पैलवान, यंत्रमानव, पाणबुडे, अंतराळवीर. नाक्यावरचे लोक त्यांना बाहुल्या म्हणतात आणि नितीनला ते लागतं. काचेच्या कपाटात वरच्या फळ्यांवर त्याची माणसं असतात आणि खालच्या फळ्यांवर माझी विमानं. आमचं लग्न ठरलं तेव्हा दोघांच्याही घरच्यांनी आपल्याकडची गोष्ट लपवली होती. साखरपुड्यानंतर एकदा ठाण्यात भेटलो, तेव्हा आम्ही दोघं खेळण्यांच्या एकाच दुकानाच्या काचेसमोर थबकलो आणि गुपित फुटलं.

मला हा नाद बाबांनी लावला. तेव्हा आम्ही कल्याणला राहायचो. बाबा शहाडच्या एका कारखान्यात फोरमन होते. दिवाळीची सुट्टी लागली की चाळीसमोर आमचा किल्ला व्हायचा. दगडविटांचा ढीग, त्यावर ओली पोती, पोत्यांवर चिखल, चिखलात मोहरी पेरलेली. बुरुजावर मातीचे मावळे ठेवायचं काम बाबा कुणाला देत नसत. त्यांची बोटं जाड, पण मावळा ठेवताना ती फुलपाखरू पकडल्यासारखी व्हायची. विमानाचं पहिलं खोकंही त्यांनीच आणलं. माझ्या चष्म्याच्या काचा तेव्हाच जाड होत्या. नाकाला टेकेल इतकं जवळ घेऊन मी ते विमान जोडलं, आणि बाबा मागे उभं राहून फक्त 'सावकाश' म्हणत राहिले.

मी नववीत असताना बाबांचा डावा डोळा गेला. मोतीबिंदू बिघडला, असं घरात सांगितलं गेलं, आणि पुढे मीही सगळ्यांना तेच सांगत आले. त्या दिवाळीत बाबा बुरुजावर पहारेकरी ठेवायला गेले आणि त्यांचा हात अलीकडेच थांबला. त्यांना वाटलं पोचला. पहारेकरी हवेतच सुटला, खाली पडला आणि त्याची मान मोडली. पुढचा मावळा बाबांनी माझ्या हातात दिला. एका डोळ्याने जग दिसतं, पण ते किती लांब आहे ते कळत नाही, हे मला पुढे खूप वर्षांनी समजलं. तेव्हा एवढंच कळलं की आपण बाबांच्या उजव्या बाजूने चालायचं.

मग तो ऑक्टोबर. तीन वर्षं झाली त्याला.

मी जुन्या काळचं, वर-खाली दोन पंखांचं विमान करत होते. त्या दोन पंखांमध्ये तारा ताणलेल्या असतात. त्या दाखवायला केसाएवढा दोरा बारीक भोकांतून ओवावा लागतो. रविवारची दुपार होती. दोरा हलू नये म्हणून पंखा बंद केलेला, कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. चिमटा घ्यायला मान वळवली आणि उजव्या डोळ्याच्या कडेला लख्खकन चमकलं. मला वाटलं ट्यूब गेली. वर बघितलं तर ट्यूब बंदच होती.

संध्याकाळपर्यंत ठिपके आले. रंगाच्या ब्रशवर अंगठा फिरवून उडवावा तसा काळा, बारीक फवारा. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मान हलवली की ठिपके मागून पोहत यायचे. मी नितीनला काही बोलले नाही. मुक्ता, आमची मुलगी, तेव्हा सातवीत होती. तिच्या सहामाहीचा अभ्यास घेतला, आमटीला फोडणी दिली, दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. काउंटरवर सह्या तपासताना प्रत्येक सहीखाली एक जादा टिंब दिसत होतं. मला ते काय आहे हे माहीत नव्हतं, पण अंगाला माहीत असावं, कारण हातापायांना मुंग्या येत होत्या. बँकेतल्या आरशासमोर डावा डोळा झाकून बघितलं. माझा चेहरा होता. हनुवटीच्या एका बाजूला मात्र भिंतीत ओल चढावी तसं काहीतरी करडं चढत होतं. मी डोळा उघडला. दोन्ही डोळ्यांनी सगळं नीट दिसत होतं. मी स्वतःला म्हटलं, दिसतंय ना, मग झालं. ही अशी भीती फार शहाण्यासारखी बोलते. थकवा असेल, ऊन असेल, चष्मा बदलायला हवा, असं एकेक पटवून देत ती तुम्हाला जागच्या जागी बसवून ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी समोर बसलेल्या नितीनकडे बघत डावा डोळा मिटला. तो हसून म्हणाला, सकाळी सकाळी डोळा काय मारतेस?

मी म्हटलं, "नितीन, मला तुझा खांदा दिसत नाहीये."

त्याने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा मला दिसत होता, मान दिसत होती, आणि त्याखाली एका बाजूला माणूस संपत होता. तिथे काळं नव्हतं. तिथे काहीच नव्हतं.

नितीनने शर्ट बदलायलाही वेळ घेतला नाही. मुक्ताला शेजारच्या काकूंकडे सोडून आम्ही गाडी करून ठाण्याला निघालो. शिळफाट्याच्या वाहतुकीत गाडी मुंगीसारखी चालत होती. मी खिडकीबाहेर बघायचं टाळत होते आणि तरी दर वळणाला डोळा मिटून मोजमाप घेत होते: मघाशी त्या ट्रकचं चाक दिसत होतं, आता दिसत नाही. नितीन माझा हात धरून बसला होता. त्याचा तळवा माझ्याहून जास्त घामेजलेला होता.

डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत बसवलं, मग कपाळावर दिवा लावून माझ्या डोळ्यात बराच वेळ बघत राहिल्या. वर बघा. उजवीकडे. खाली. नाकाकडे. मग दिवा काढला आणि म्हणाल्या की डोळ्याच्या आतला पडदा फाटून भिंतीपासून सुटत चाललाय. जाड नंबरवाल्यांना हा धोका असतोच. मध्यभागाच्या अगदी काठापर्यंत आलाय. मध्यभाग सुटला तर नंतर पडदा चिकटवता येतो, पण गेलेली नजर पूर्वीसारखी येईलच असं नाही. मी विचारलं, उद्या येऊ का? त्या म्हणाल्या, "उद्या नाही. आज."

शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देत नाहीत. डोळा बधिर करतात आणि माणूस जागाच राहतो. चेहऱ्यावर हिरवं कापड, त्याला एकच भोक. डॉक्टर म्हणाल्या होत्या की बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं तर अजिबात नाही. आणि त्या क्षणापासून माझ्या घशात खवखवायला लागलं. उभ्या आयुष्यात मी इतकी कशालाही घाबरले नव्हते, जितकी त्या एका खोकल्याला घाबरले. गिळत होते, जीभ टाळूला लावून धरत होते, श्वास चमच्याने घ्यावा तसा थोडा थोडा घेत होते.

आणि मग मला दिसलं. कुणी सांगितलं नव्हतं की दिसतं. डोळ्याच्या आत, पिवळसर उजेडात, एका बारीक हत्याराची सावली आली. टोकाशी चिमट्यासारखी. ती थांबली, किंचित पुढे झाली, पुन्हा थांबली. वर्षानुवर्षं मी असंच करत आले होते, चिमट्यात भाग धरून श्वास रोखून जागेवर नेत. फरक इतकाच की तो भाग आता मी होते. माझा चिमटा कितीतरी वेळा घसरलेला आहे. ते आठवलं आणि कापडाखाली माझा उघडा डोळा पाण्याने भरला असावा, कारण सावली थबकली आणि डॉक्टरांचा आवाज आला, "छान चाललंय. अजून थोडंच." मी त्या आवाजाला धरून राहिले. खोकला आला नाही.

पडदा पुन्हा भिंतीला लागला. आतून तो दाबून धरायला डोळ्यात वायूचा एक बुडबुडा भरला. बुडबुडा वर जातो, आणि तो नेमका मागच्या पडद्यावर टेकायचा तर माणसाने तोंड खाली करायला हवं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की आता काही दिवस मान खाली. जेवताना खाली, झोपताना खाली, चालताना खाली. बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही आणि घाटही चढायचा नाही, कारण उंचीवर बुडबुडा फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. दरवर्षी भाऊबीजेला मी पुण्याला भावाकडे जाते. त्या वर्षी खंडाळ्याचा घाट माझ्या स्वप्नात यायचा आणि मी त्यावर गाडी न थांबता चढताना बघायचे.

मान खाली घालून राहिल्यावर जग म्हणजे फरशी. नितीनने पलंगाच्या कडेला उशांची अशी रचना केली की कपाळ टेकवावं, गाल टेकवावेत आणि मधल्या पोकळीतून खालचं दिसावं. उजव्या डोळ्यासमोर नुसतं गढूळ पाणी होतं. डाव्याने मी फरशीचा एक चौकोन बघत असे. सांध्यातलं पांढरं सिमेंट, एक टवका, मुंग्यांची जाण्यायेण्याची वाट. माणसं पायांवरून ओळखायला लागले. फराळाचं ताट घेऊन येणाऱ्या शेजारणींची जोडवी, मुक्ताच्या शाईचे डाग पडलेल्या टाचा. आवाज वरून यायचे आणि सगळे जरा हळू बोलायचे, आजाऱ्याच्या घरात बोलतात तसे.

पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा फरशीच्या त्या चौकोनात एक पाणबुड्या उभा होता. नितीनच्या कपाटातला. पिवळं शिरस्त्राण, पाठीवर नळकांडी. दुसऱ्या सकाळी पैलवान, एक गुडघा टेकलेला. मग यंत्रमानव. नितीन ऑफिसला निघताना रोज एक माणूस तिथे ठेवून जायचा. जो माणूस आपल्या फिगरवर कुणाला बोट लावू देत नाही, खोकं फाटलं तर दिवसभर जेवत नाही, त्याने ती फरशीवर, पायदळी आणून ठेवली होती. वरून बघताना त्यांचे चेहरे दिसत नसत, नुसती डोकी आणि खांदे. पण ती कधी हलत नसत. मी पुन्हा पुन्हा तपासायचे: पाणबुड्याचा डावा खांदा आहे, उजवा आहे. डाव्या डोळ्याने सगळा पाणबुड्या दिसतोय. म्हणजे हा डोळा अजून आहे.

कारण आता भीती त्या डोळ्यात येऊन बसली होती. गेलेल्याची भीती एकदाच वाटते, उरलेल्याची सतत. डाव्या डोळ्यापुढून एखादा केस गेला तरी मी पुन्हा पाणबुड्याचे खांदे मोजायचे. त्यात दिवाळी जवळ आली. फटाके सुरू झाले. बाल्कनीबाहेर बाण सुटला की फरशीवर उजेड लखलखून जायचा, आणि मला कळायचं नाही की हा उजेड बाहेरचा की माझ्या डोळ्यातला. मी मुक्ताला हाक मारायचे. आत्ता चमकलं का गं? ती अभ्यासाच्या टेबलावरून सांगायची, हो आई, बाहेर. थोड्या वेळाने पुन्हा. हो, बाहेर. एकदाही ती वैतागली नाही. पुढे पुढे तर मी विचारायच्या आधीच तिचा आवाज यायचा, "हा बाहेरचा होता."

बाबा टिटवाळ्याहून आले ते मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळलं. आई गेल्यापासून ते तिथे एकटे राहतात, नव्या इमारतीत, आणि घर सोडून कुठे राहायला येत नाहीत. मी त्यांना काही कळवू नका म्हटलं होतं, पण नितीनने कळवलं. त्यांनी पिशवी ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ दोन पाय माझ्या चौकोनात उभे राहिले, नखं वाढलेले, टाचांना भेगा पडलेले. मला मान वर करता येत नव्हती.

दुपारी नितीन आणि मुक्ता बाहेर गेल्यावर बाबा खाली बसले, एक हात टेकवत सावकाश आडवे झाले आणि उताणे सरकत सरकत माझ्या चेहऱ्याच्या बरोबर खाली आले. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस. मी घाबरून म्हटलं, बाबा, कंबर धरेल. ते म्हणाले, इथे गार वाटतंय. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता. तीस वर्षांत मी त्यांच्या त्या डाव्या डोळ्याकडे इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं. तो निळसर करडा होता, धुक्यातल्या काचेसारखा. उजवा माझ्याकडे बघत होता.

ते विचारायला लागले. आधी चमकलं का? मग काजळी पडल्यासारखं झालं? मग खालून सावली? मी हो, हो म्हणत गेले आणि मध्येच थांबले. मोतीबिंदूत असं काही होत नाही.

"वैजू," ते म्हणाले, "माझा मोतीबिंदू नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात भट्टीजवळ उभं असताना त्यांना काजळी उडताना दिसली. भट्टी बंद असतानाही दिसली. मग कडेने सावली चढायला लागली. ते रोज एक डोळा झाकून बघायचे आणि रोज ती थोडी वर आलेली असायची. आईला सांगितलं नाही, कारखान्याच्या डॉक्टरला सांगितलं नाही. शेवटी जिन्याची पायरी चुकली तेव्हा आईने धरून नेलं. तोवर पडदा सगळा सुटला होता. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं की इतके दिवस काय करत होतात. लोकांना मोतीबिंदू सांगणं सोपं होतं. मोतीबिंदूला कुणी असं विचारत नाही.

मी विचारलं, का नाही सांगितलंत? रजा मिळत नव्हती? कामावरून काढतील म्हणून?

"नाही गं. सांगितलं की ते खरं होतं. नाही सांगितलं तोवर मला वाटत होतं, उद्या सकाळी नसेल."

माझ्या डोळ्यातून पाणी गळून त्यांच्या गालावर पडलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी त्यांना सांगितलं की मीही दोन दिवस कुणाला बोलले नव्हते. ते म्हणाले, दोनच ना. त्यांच्या आवाजात मला अपेक्षित नव्हती अशी एक गोष्ट होती. हेवा म्हणवत नाही, पण तसंच काहीतरी.

मग मी जे कुणालाच विचारू शकत नव्हते ते विचारलं. उरलेल्या डोळ्याची भीती कधी जाते?

त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "माझी नाही गेली. सकाळी जाग आली की आधी पंखा बंद करतो आणि पाती बघतो. तिन्ही दिसली की उठतो."

तीस वर्षं. आई असताना, मी त्या घरात असताना, माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. शेजारच्या खोलीत माझे बाबा रोज पंखा बंद करून आपला डोळा आहे की नाही ते बघत होते, आणि आम्हाला वाटायचं त्यांना पहाटे गारठा सोसत नाही.

त्या दिवसानंतर काही बरं झालं असं नाही. पण दुपारी बाबा माझ्याखाली येऊन पडायचे आणि मी माझी भीती त्यांना सांगायचे, अगदी बारीकसारीक. हा ठिपका हलतो, हा हलत नाही. ते एखाद्या जुन्या कारागिराने यंत्राचा आवाज ऐकावा तसं ऐकायचे आणि म्हणायचे, हा मलाही आहे, याचं काही नसतं. किंवा म्हणायचे, हा संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून विचारू. आणि संध्याकाळी खरंच विचारायला लावायचे.

बुडबुडा विरत गेला तसं वरून उजाडत आलं. आधी पंख्याचा दांडा, मग दाराची चौकट. बुडबुड्याची कड नजरेत पाण्याच्या पातळीसारखी हिंदकळायची, रोज थोडी खाली जायची. शेवटी तो नजरेच्या तळाशी मण्याएवढा उरला, आणि एके दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं की तो नाही. डोळा वाचला होता. पण सरळ रेषा सरळ राहिल्या नव्हत्या. खिडकीचे गज मध्यावर किंचित वाकतात, छापलेल्या ओळीला एका जागी लाट येते. मध्यभाग थोडासा सुटलाच होता.

पुन्हा टेबलापाशी बसायला मला नवं वर्ष उजाडलं. अर्धवट विमान तसंच होतं, दोरा लोंबत. पंख मला वाकडा दिसला. पट्टी लावून बघितली. पंख सरळ होता. पट्टीही वाकडी दिसत होती. मी मोठ्याने हसले आणि मग हसू येईना. चिमटा भोकाच्या अलीकडेच थांबत होता. तेव्हा बुरुजावरचा बाबांचा हात आठवला, आणि मी त्यांना फोन करून विचारलं की तुम्ही कपात चहा कसा ओतता. ते म्हणाले, किटलीची तोटी आधी कपाच्या काठाला टेकवायची, मग ओतायचं. मग मीही डाव्या हाताचं बोट भोकाशी टेकवून, बोटाला धरून चिमटा आणायला शिकले. विमान पूर्ण झालं. दोन तारा सैल आहेत. त्या कुणाला दिसत नाहीत, कारण आमच्याकडे येणारे लोक वरच्या फळीवरची माणसंच बघतात.

आता पुन्हा ऑक्टोबर आहे. थिनरचा वास आहे, तिरकं ऊन आहे. भीतीने मात्र जागा बदलली आहे. मुक्ता दहावीत गेली आणि तिच्या चष्म्याच्या काचा माझ्या त्या वयातल्या काचांइतक्याच जाड आहेत. दरवर्षी मी तिला डॉक्टरांकडे नेते. एरवी काही बोलत नाही. पण ती अभ्यास करताना डोळे चोळायला लागली की मी दारात उभी राहते, काहीतरी शोधायच्या निमित्ताने. ती बॅडमिंटन खेळते तेव्हा फूल तिच्या डोळ्याला लागेल असं मला शंभरदा वाटतं. आपल्या पोरीला आपण काय काय देतो ते मी मोजत बसते. नाक दिलं, आवाज दिला. हेही दिलं असेल का?

गेल्या आठवड्यात सकाळी मी कणीक मळत होते. मुक्ता दात घासता घासता स्वयंपाकघराच्या दारात आली, ब्रश तोंडातून काढला आणि म्हणाली, "आई, ऐक ना. डाव्या डोळ्यात एक धागा दिसतोय. काल नव्हता."

पाऊस येतोय, खिडकी लाव, असं सांगावं तशी ती बोलली. माझे हात परातीत होते. मी काय म्हटलं ते मला आठवत नाही. नितीन सांगतो की मी शांतपणे हात धुतले आणि बँकेत फोन केला.

पुन्हा तोच शिळफाटा, त्याच डॉक्टर. मुक्ताच्या डोळ्यात थेंब घातले आणि तिला आत नेलं. मी आत गेले नाही, माझ्याने गेलंच नाही. बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिले, सगळी नावं वाचली, पुन्हा वाचली. नितीन उभाच होता. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. वर बघ. उजवीकडे. खाली. नाकाकडे. मी माझ्या जागेवर तिकडे तिकडे बघत होते.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाल्या की डोळ्यातल्या पाण्यातला साधा धागा आहे, पडदा जागच्या जागी आहे. एका कडेला थोडा पातळ वाटतो. त्यावर लक्ष ठेवू, सहा महिन्यांनी दाखवा. चमकलं किंवा ठिपके वाढले तर त्याच दिवशी या. मुक्ताने मान हलवली. तिला हे सगळं पाठ आहे.

बाहेर दुपारचं रणरणतं ऊन होतं. मुक्ताच्या बाहुल्या थेंबांनी मोठ्या झाल्या होत्या, तिला डोळे उघडवत नव्हते. माझा दंड धरून, डोळे मिटून ती फुटपाथवरून चालत होती आणि मी तिला सांगत होते, पायरी आहे, आता खड्डा आहे, आता सपाट. नितीन गाडी बोलवायला पुढे गेला. आम्ही एका बंद दुकानाच्या सावलीत थांबलो. मुक्ता म्हणाली, आजोबांना सांगूया, निघताना कळवलंय, ते वाट बघत असतील. तिला फोन दिसत नव्हता म्हणून मी लावून दिला आणि स्पीकर चालू केला.

तिने त्यांना सगळं सांगितलं. धागा आहे, बाकी काही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, धागा दिसला कधी?

आज सकाळी, ती म्हणाली.

"आणि आईला कधी सांगितलंस?"

"सकाळीच. दिसला तेव्हा. दात घासत होते ना मी, आजोबा."

पलीकडून उत्तर येईना. मुक्ताला वाटलं फोन कट झाला. ती आजोबा, आजोबा म्हणत राहिली, डोळे मिटलेले, फोन तोंडासमोर धरून. फोन चालू होता. टिटवाळ्याच्या त्या घरात बाबा नाक ओढत होते, आणि ते मला ऐकू येत होतं.